मुक्या बटणांना नावं ठेवणारी माणसं

आमच्या रविवारच्या बैठकीत आजवर कुणी ठरवून किस्सा सांगितलेला नाही. चहा येतो, कुणीतरी "त्या दिवशी काय झालं..." म्हणतं आणि त्याचं संपायच्या आत दुसऱ्याला वेगळंच काही आठवतं. घरात दाराआड पिशव्यांची पिशवी टांगलेली असते ना, तसं आहे हे. एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात, आणि परत कोंबायला गेलं तर मावत नाहीत!

बैठक धाराशिवात, माझ्या घराच्या वरच्या खोलीत. मी विलास, मूळचा तुळजापूर तालुक्यातल्या जळकोटचा. कॉलेजात असताना नजर हळूहळू गेली, आता एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करतो. संगीताताई बेंबळीची, जन्मापासून बघितलेलं काही नाही. ती इथल्या एका खासगी दवाखान्यात नोंदणीच्या काउंटरवर बसते. आणि गफूरभाई मुरुमचे. त्यांचं तिथं आडत दुकान आहे. डोळे साठीच्या आत शुगरनं नेले.

म्हणजे आम्ही तिघंही आंधळे. दिव्यांग, दृष्टिबाधित हे शब्द सरकारी कागदावर ठीक आहेत. गफूरभाई म्हणतात, "मियाँ, अंधाराला पॉलिश मारून उजेड होत न्हाय!"

आता आमच्या कामाबद्दल थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. तुम्हाला कॉम्प्युटरवर बटण दिसतं, आम्हाला ते ऐकू येतं. स्क्रीन रीडर नावाचा एक प्रोग्राम असतो. तो आत जाऊन तिथल्या एकेका वस्तूला विचारतो, तू कोण? बटण, की चौकट, की यादी? नाव काय तुझं? मग आम्हाला सांगतो, "छापा, बटण." पण ज्यानं मूळ प्रोग्राम बनवला त्यानं बटणाला आतून नावच दिलं नसेल, वर नुसतं चित्र चिकटवलं असेल, तर रीडर बिचारा एवढंच म्हणतो, "बटण." बस्स!

त्यावर एक इलाज आहे. ह्या रीडरच्या पोटात एक छोटीशी भाषा असते. तिच्यात चार ओळी लिहिल्या की परक्या प्रोग्रामच्या आतलं बटण आपल्याला धरता येतं, त्याला नाव देता येतं, दाबता येतं. त्या ओळींना म्हणायचं स्क्रिप्ट. मी ती भाषा पुण्यात एका वर्गात शिकलो आणि इकडं घेऊन आलो. एवढंच आमचं भांडवल.

*

ताईला दवाखान्यात आधी टेलिफोनवर घेतलं होतं. मग प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आले आणि टेलिफोन वाजायचा बंद झाला. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "नोंदणीला बसाल का?"

"बसते की," ताई म्हणाली. घरी कुणाला विचारलं नाही, मलाही नाही.

पहिल्याच सकाळी तिचा फोन आला. मागं रुग्णांचा गलका, लहान मुलांचं रडणं.

"विलासभाऊ, हितं सगळी बारशाआधीची लेकरं रांगेत बसवल्यात. एकाला बी नाव न्हाय! कुठं बी जा, नुसतं बटण, बटण, बटण!"

मी गेलो. तिच्या शेजारच्या खुर्चीवर मंगल बसते, डोळस आहे, उमरग्याकडची. ती एकेका बटणावरचं चित्र सांगायची, ताई त्याचं काम काय ते ओळखायची आणि मी स्क्रिप्टमध्ये नाव लिहायचो.

"ह्याच्यावर बाई, एक माणूस हाय, अन् बाजूला अधिकचं चिन्ह."

"नवीन रुग्ण," ताई म्हणाली.

"ह्याच्यावर कचऱ्याचा डबा."

"ते लांब ठेवा माझ्यापासून!"

संध्याकाळी सगळं जोडून झालं. ताईनं कीबोर्डवरची एक की दाबली. रीडर म्हणाला, "नवीन रुग्ण, बटण." तिनं परत दाबलं, परत ऐकलं. मग अगदी हळू, शेजारच्या नव्या सुनेशी बोलावं तसं म्हणाली, "आता कळलं बाई, तू कोण."

मंगलला राहवेना. "बारसं झालं म्हणल्यावर घुगऱ्या पायजेत!" म्हणाली. थट्टा वाटली मला. दुसऱ्या दिवशी ती खरंच डबाभर घुगऱ्या घेऊन आली आणि काउंटरवरच्या सगळ्यांना वाटल्या. कशाबद्दल म्हणून विचारणाऱ्याला ती सांगायची, "संगीताच्या कॉम्प्युटरचं बारसं!"

*

गफूरभाई ही भाषा शिकले ते नातवंडं मांडीवर घेऊन. दुकान मुलानं हातात घेतलं होतं, पण नुसतं गादीवर बसून राहणं त्यांच्या जिवावर यायचं. म्हणाले, "मला बी शिकव. बोटं हायत अजून."

शिकले. पण बटणांना नावं ठेवायची त्यांची तऱ्हा वेगळी. पुसून टाकायच्या बटणाला त्यांनी नाव दिलं "खतरा". शोधायच्या बटणाला "कुठं गेलं?" आणि प्रोग्राम बंद करायच्या बटणाला "खुदा हाफिज".

एकदा सोलापूरकडचा एक व्यापारी तुरीचा सौदा करायला दुकानात आला. बोलणं बरंच लांबलं. भाईंचा हात सवयीनं कीबोर्डवर फिरत होता. कॉम्प्युटरचा स्पीकर चालू होता. बोलता बोलता बोट त्या बटणावर थांबलं आणि स्पीकर खणखणीत आवाजात म्हणाला, "खुदा हाफिज!"

 व्यापाऱ्याची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "बरं, येतो मग," म्हणाला आणि पुढ्यातला चहा तसाच ठेवून निघाला!

भाईंच्या मुलानं रस्त्यापर्यंत पळत जाऊन त्याला परत आणलं. भाई आम्हाला सांगत होते, "त्याला समजवायला सौद्यापेक्षा जास्त येळ लागला. तवापासनं कानात वायर घालून बसतो."

"मग नाव बदललं का?" ताईनं विचारलं.

"न्हाय. नाव चांगलंय. माणूस घाईचा होता."

*

माझ्या लग्नाच्या वेळचं सांगतो. आई, मामा आणि मी मुलगी बघायला तुळजापूर तालुक्यातल्याच एका गावी गेलो होतो. बघायला म्हणजे, बघणारी ती दोघं. आंधळ्या मुलाला मुलगी द्यायची की नाही, ह्यावर तिच्या घरात आधीच दोन तट होते. मुलीचे काका विरोधातले. ते बैठकीत माझ्या अगदी समोर बसलेले, हे मला त्यांच्या खोकल्यावरून कळत होतं.

पोहे आले आणि नेमका गफूरभाईंचा फोन. अडलेले होते. मी ओसरीवर जाऊन बोललो.

आता ह्या कामात एक भानगड आहे. कॉम्प्युटरच्या आत खिडकीच्या पोटात चौकट, चौकटीच्या पोटात बटण, असा वंशवेल असतो. वरच्याला आम्ही बाप म्हणतो, खालच्याला लेकरू. हवं ते बटण सापडत नसेल तर बापाला धरायचं आणि त्याची लेकरं तपासायची. मी आपला सवयीनं बोलत होतो:

"बाप सापडला का? नाव न्हाय त्याला? असू द्या, बिननावाचा असला तरी चालतो. लेकरं किती म्हणतो? एक लपवून ठेवलंय त्यानं! दुसऱ्या बापाकडं असंल, तिकडं बघा."

फोन ठेवून आत आलो तर बैठकीत चिडीचूप. पोह्याच्या बशीत चमचासुद्धा वाजेना. काका खोकले.

आईच्या लक्षात आलं. "अहो, ते कॉम्प्युटरमधले बाप हायत!" ती घाईघाईनं म्हणाली. त्यानं तर आणखीच गोंधळ झाला. मग मी बसून सगळं सांगितलं. रीडर काय, स्क्रिप्ट काय, वंशवेल काय. कुणाला किती कळलं ठाऊक नाही. पण आतल्या दारातून एक आवाज आला, पहिल्यांदाच:

"बाप हाय, लेकरं हायत. मग त्यात आई कुठंय?"

 इतकी वर्षं त्या भाषेत काम करून हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी तसं म्हणालो, "हे मला माहीत नाही."

ती रेखा. लग्नानंतर तिनं मला सांगितलं, की तिचा होकार त्या वाक्यावर ठरला. त्याआधी बघायला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सगळं माहीत होतं म्हणे!

*

एकदा ताईच्या कॉम्प्युटरचा पडदा बंद पडला. वायर सैल झाली होती. आतलं सगळं चालू, पडदा तेवढा काळा. ताईला कळायचं कारणच नव्हतं. रीडर बोलत होता, ती नोंदणी करत होती. मंगल रजेवर होती, त्यामुळे सांगायलाही कुणी नाही.

रांगेत बेंबळीकडचे एक आजोबा उभे होते. ताईनं नाव विचारलं. आजोबा काही बोलेनात.

"आजोबा, नाव सांगा की."

"सांगतो. पर बाई, तुमचा टीव्ही बंद हाय."

"असं व्हय? मला कुणी सांगितलंच न्हाय!" ताई म्हणाली. मागच्या रांगेत हसू फुटलं. "काय अडत न्हाय आजोबा. सांगा तुमी."

आजोबांनी नाव सांगितलं. ताईनं टाइप केलं. गाव सांगितलं, तेही टाइप केलं. पण त्यांचं समाधान होईना. वाकून वाकून काळ्या काचेत बघायला लागले.

"माझं नाव कुठं गेलं?"

"आत गेलं."

"दिसत तर न्हाय."

"मला बी दिसत न्हाय, आजोबा. पर हाय ते." आणि तिनं कानातली वायर काढून स्पीकर लावला. रीडरनं आजोबांचं नाव, बापाचं नाव, गाव सगळं ओळीनं म्हणून दाखवलं.

आजोबांनी कान स्पीकरजवळ नेला. मग म्हणाले, "बापाचं नाव परत एकदा म्हणाय लाव की. लई दिसानं ऐकलं."

ताईनं परत लावलं. रांगेतलं कुणी घाई केली नाही.

*

सगळेच किस्से असे नाहीत. एक आमच्या बैठकीत फार कमी वेळा निघतो.

ताईच्या प्रोग्रामसाठी थोडी स्क्रिप्ट गफूरभाईंनीही लिहिली होती, त्यांना त्याचा फार अभिमान. पण बटणं शोधायची त्यांची रीत साधी होती. खिडकीचं चौथं लेकरू म्हणजे "जतन करा", पाचवं म्हणजे "रद्द करा", असं रांगेतल्या जागेवरून. एक दिवस दवाखान्याच्या प्रोग्राममध्ये बदल झाला. रांगेत मध्येच एक नवीन बटण येऊन बसलं आणि पुढची सगळी एकेक जागा सरकली.

रीडर म्हणत होता, "जतन करा." ताई दाबत होती. पण जतन होत नव्हतं.

एक बाई तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन बाकावर बसली होती. तिची नोंद ताईनं केली होती, निदान तसं तिला वाटत होतं. तिच्या मागून येऊन मंगलकडं नोंद केलेल्यांना बोलावणं आलं, हिला येईना. लेकराचं कण्हणं ताईला काउंटरवर ऐकू येत होतं. तिच्या मनात शंका आली. तिनं मंगलला विचारलं, "हिची नोंद दिसती का बघ गं."

नव्हती. ताई उठली, काउंटरला हात लावत बाहेर आली आणि त्या बाईचा दंड धरून तिला स्वतः डॉक्टरांच्या दारापर्यंत घेऊन गेली. लेकरू वेळेत बघितलं गेलं, दोन दिवसांत घरीही गेलं. मग ताईनं त्या दिवसाची एकेक नोंद मंगलकडून तपासून घेतली.

त्या रविवारी ताई आली आणि एकच बोलली. "त्या स्क्रिप्टला सांगा, ठाऊक नसंल तर गप बस. चुकीचं नाव घेण्यापरीस मुकी राहिलेली बरी."

ती कुणाला उद्देशून बोलली नव्हती. पण गफूरभाईंनी चहा खाली ठेवला. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही. फोन केला की मुलगा उचलायचा. "अब्बांना बरं न्हाय," म्हणायचा. मागून रेडिओ ऐकू यायचा.

शेवटी ताईनं एसटी पकडली आणि एकटी मुरुमला गेली. स्टँडवरून विचारत विचारत दुकानात. भाई गादीवर बसलेले.

"भाई, मी संगीता."

"बोल बेटा."

"बोलायला न्हाय आले. स्क्रिप्ट नीट करून घ्यायला आले. बटण जागेवरनं नको, त्याच्या खुणेवरनं वळखायचं. विलासभाऊंनी सांगितलंय कसं ते. मला जमत न्हाय, तुमाला जमतंय."

भाईंनी कीबोर्ड पुढ्यात ओढला. मग म्हणाले, "त्या लेकराचं काय झालं असतं?"

"झालं न्हाय ना. आता होऊ बी नये म्हणून आले."

ती दिवसभर तिथं बसली. भाईंच्या बायकोनं जेवू घातलं. मी टिपून दिलेल्या खुणांवरून दोघांनी मिळून एकेक बटण तपासलं. प्रत्येक बटणाला आत एक कायमची खूण असते, रांग सरकली तरी ती बदलत नाही. स्क्रिप्टनं आधी ती खूण बघायची, जुळली तरच नाव घ्यायचं. नाही जुळली तर काय बोलायचं, हे भाईंनी स्वतः लिहिलं. त्यानंतर कधी एखादं अनोळखी बटण आलं, की ताईच्या कानात रीडर म्हणायचा:

"मला माहीत नाही. कुणाला तरी विचारा."

*

दोन वर्षांपूर्वी दवाखान्यानं जुना प्रोग्राम बदलून नवा घेतला. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचा. दिसायला फार सुंदर आहे, असं सगळे म्हणाले.

ताईनं टॅब दाबलं. रीडर म्हणाला, "खिडकी." परत दाबलं. "खिडकी." बटण नाही, चौकट नाही, यादी नाही. मी गेलो, स्क्रिप्टमधून त्या खिडकीला धरलं आणि विचारलं, तुझी लेकरं किती?

शून्य.

प्रोग्राम बनवणाऱ्यानं सगळी बटणं नुसती रंगवली होती, भिंतीवर दार रंगवावं तशी. डोळस माणूस माउसनं बरोबर त्या जागी टिचकी मारतो, काम होतं. पण आत खरं बटण नावाची वस्तूच नाही. मुक्याला नाव देता येतं. जे नाहीच, त्याला कसं द्यायचं? स्क्रिप्टनं धरायचं तरी काय?

मोठे डॉक्टर माणूस म्हणून चांगले. ताईला बोलावून म्हणाले, "काळजी करू नका. तुमची नोकरी कुठं जात नाही. पगार चालू राहील. तुम्ही आपलं येऊन बसत जा."

ताई म्हणाली, "साहेब, बसायला घरी बी खुर्ची हाय."

तरी ती रोज येत राहिली. मंगलच्या शेजारी, कीबोर्ड पुढ्यात घेऊन. येणाऱ्याला कुठला डॉक्टर कुठं बसतो ते सांगायची, कुणाचं लेकरू धरायची. रविवारी आली तरी कोपऱ्यात बसायची, बोलायची नाही. एकदा मंगलनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "ती नुसतंच टाइप करत बसती हो. कॉम्प्युटर बंद असतोय, अन् येणाऱ्या माणसाचं नाव टाइप करत बसती."

मी ते कुणाला सांगितलं नाही. गफूरभाईंनाही नाही.

*

त्या कंपनीला आम्ही फोन केले, पत्रं लिहिली, डॉक्टरांनीही लिहिलं. उत्तर यायचं, नोंद घेतली आहे. शेवटी काही दुसऱ्याच कामासाठी त्यांचा एक इंजिनिअर दवाखान्यात आला. सुजय नाव. आवाजावरून तिशीतला वाटला. ताईनं मला फोन करून बोलावून घेतलं.

मी त्याला सांगितलं, "तुमच्या खिडकीला लेकरंच नाहीत."

"असं कसं? बटणं दिसतात की."

"दिसतात. पण नाहीत."

त्याला ते समजावायला वेळ लागला. समजलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे सगळी स्क्रीन परत बांधावी लागेल. खरं सांगतो, एका माणसासाठी कंपनी हे करणार नाही."

मला राग आला होता. ताईला नाही. "व्हय, एकीसाठीच," ती म्हणाली. "हितं दुसरी कुणी न्हाय. तुमी बसा जरा. जुनं कसं चालायचं ते दाखवते."

जुना प्रोग्राम मागच्या खोलीतल्या एका कॉम्प्युटरवर अजून होता. ताईनं स्पीकर लावला. रीडरचा आवाज ती इतका भरधाव ठेवते की डोळस माणसाला नुसता भुंगा ऐकू येतो. तिनं खोटी दोन-चार नावं नोंदवून दाखवली, शोधून दाखवली, छापून दाखवली. सुजय काहीच बोलत नव्हता. मला वाटलं, उठून गेला की काय.

मग त्यानं विचारलं, "हा आवाज कमी वेगात ठेवता येतो का? अगदी सावकाश?"

"येतो की," ताई म्हणाली आणि ठेवून दाखवला.

तो बराच वेळ तसाच ऐकत बसला. "नवीन... रुग्ण... बटण." मग उठला, आमच्याशी हात मिळवला आणि गेला. मला त्याच्याकडून काहीही आशा नव्हती.

पावसाळा गेला, ज्वारी काढून झाली. एक दिवस ऑफिसात मंगलचा फोन आला. "विलासभाऊ, नवीन आवृत्ती टाकलीय. संगीता तुम्हाला बोलावती. लगेच या म्हणती."

"काय झालं? बिघडलं का?"

"न्हाय. ती रडती का हसती, मला कळंना."

मी रिक्षा करून गेलो. काउंटरमागं ताईच्या शेजारी बसलो. तिनं तिच्या कानातली एक वायर माझ्या कानात घातली आणि की दाबायला लागली. "नवीन रुग्ण, बटण. शोधा, बटण. जतन करा, बटण. छापा, बटण." एकेक वस्तू खरी, एकेकीला नाव, आणि नावं स्वच्छ मराठीत. आमची एकही ओळ न लिहिता.

"झालं की ताई!" मी म्हणालो.

"थांबा. शेवटच्या बटणाच्या पुढं चला."

तिनं आणखी एकदा की दाबली. रीडर एक वाक्य बोलला. मला वाटलं, चुकून दुसरीकडंच काही वाचतोय. ताईनं आवाजाचा वेग कमी केला आणि परत दाबलं.

"ताई, माझ्या आईची नजर गेली आहे. ती आता कुणाशीच बोलत नाही. तुमच्याशी बोलेल का? सुजय. मजकूर."

मी मंगलला विचारलं, "छापाच्या बटणाच्या बाजूला काय दिसतंय?"

तिनं वाकून बघितलं. "काय न्हाय. मोकळंच हाय."

मी कीबोर्ड ओढला, स्क्रिप्टमधून त्या मजकुराला धरलं आणि त्याचा आकार विचारला. रुंदी शून्य, उंची शून्य. हे फक्त ताईच्या नावानं प्रोग्राम उघडला तरच येत होतं. मंगलच्या नावानं उघडून बघितलं, तिथं नव्हतं.

काउंटरपलीकडं रांग लागली होती. कुणीतरी विचारलं, "बाई, नोंदणी सुरू हाय का?"

"हाय, बसा जरा, आलेच," ताई म्हणाली. मग तिनं माझ्या कानातली वायर काढून घेतली. "विलासभाऊ, त्या पोराचा नंबर हाय ना तुमच्याकडं? लावा."

मी लावला. रिंग जात होती. "काय बोलणार त्याच्याशी?" मी विचारलं.

"त्याच्याशी कशाला बोलू?" ताईनं फोनसाठी हात पुढं केला. "त्याला म्हणावं, फोन आईकडं दे."